रात्रीचा चार्ज

लातूर कशासाठी प्रसिद्ध, असं विचारलं तर कुणी तूरडाळ सांगेल, कुणी सोयाबीन. माझ्या मते लातूरचं खरं पीक म्हणजे काळजी. बारमाही येतं, आणि बियाणं आसपासच्या जिल्ह्यांतून पुरवलं जातं. 'लातूर पॅटर्न'चं नाव झाल्यापासून मराठवाड्यातला बाप बारावीतलं पोरगं तिकडे नेऊन ठेवतो. पोराबरोबर आई जाते. एक खोली, एक शेगडी, एक टेबल, आणि उरलेल्या जागेत काळजी. आमच्या नांदेडातही आता क्लासेसच्या पाट्या काही कमी नाहीत. पण आमच्या वहिनींचा विश्वास लातुरावरच. तेव्हा पुतण्या लातुरात, सोबतीला वहिनी, आणि मी नांदेडात बसून फोनवरून काळजीचा घाऊक व्यापार करतो.

"भावजी, पोरगं रात्री दोनपर्यंत जागतंय," असं वहिनींनी सांगितलं की मला त्याच्या तब्येतीची काळजी लागते. "आज दहालाच झोपलं" म्हटलं की मार्कांची. परीक्षेचं नाव 'नीट'. 2024 साली या परीक्षेला 24 लाखांच्या आसपास मुलांनी नावं नोंदवली होती, आणि डॉक्टरकीच्या जागा लाखभर. हा भागाकार मी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या करून पाहतो. उत्तर बदलत नाही, पण म्हणून कुणी करायचं थांबतं का?

आमच्या शेजारी एक निवृत्त नर्स राहतात. अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. ख्रिस्ती आहेत. रविवारी चर्चला जातात, नाताळात करंज्या आणि केक दोन्ही पाठवतात (करंज्या सरस), आणि रात्री साडेनऊला झोपतात. ही शेवटची गोष्ट मला फार खुपायची. नवरा वारलेला, मुलाची नोकरी कंत्राटी, पावसाळ्यात छत गळतं. म्हणजे काळजीला लागणारा सगळा कच्चा माल घरात हजर, आणि बाई घोरतात!

"सिस्टर, तुम्हाला काळजी म्हणून वाटत नाही का?"

"वाटते की. पण रात्री प्रार्थना करून चार्ज देऊन टाकते."

दवाखान्यात ड्यूटी संपली की पुढच्या सिस्टरला चार्ज द्यायचा. कुणाला सलाईन लावलंय, कुणाचा ताप उतरत नाही, सगळं सांगायचं आणि घरी जायचं. "चार्ज देऊनही वॉर्डात घुटमळणारी नर्स कुणालाच नको असते, गुरुजी. दुसऱ्या दिवशी तीच सुया चुकीच्या टोचते."

त्यांनी मला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचायला दिला. डोंगरावरच्या प्रवचनात येशू लोकांना पाखरं दाखवतो. त्यांची ना शेती ना कोठार, तरी देव त्यांना उपाशी ठेवत नाही, मग तुम्ही का झुरता. आणि उद्याची चिंता उद्यावर सोडा, असा त्याचा भावार्थ. जन्मभर वह्या तपासलेल्या माणसाचा हात लगेच लाल पेनाकडे गेला. पाखरांना 'नीट' द्यावी लागत नाही! आणि सगळ्यांनीच पाखरं व्हायचं ठरवलं तर मराठवाड्याचं कसं व्हायचं?

पण मराठी शिकवण्यात हयात गेल्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडे काळजी 'करतात' आणि काळजी 'घेतात'. शब्द एक, क्रियापदं दोन, आणि संसाराचा सगळा घोटाळा त्या दोहोंमध्ये. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी मिरजेहून आगगाडीने आणावं लागलं. त्याआधी काळजी करणारे काय कमी होते? मांजरा धरण आटत चाललेलं सगळ्यांना दिसत होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जन आटोपून गाव झोपलेलं असताना, किल्लारीला भूकंप झाला. नकाशात हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता; आदल्या वर्षी धक्के मात्र जाणवले होते. हजारो माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. काळजी करून त्या भिंतीचा एक दगडही हलका झाला नसता. घेऊन कदाचित झाला असता.

पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन चालवलं. 1900 च्या सुमारास, दुष्काळात, तिथे जवळजवळ 2,000 बायका-मुली होत्या. उद्याच्या जेवणाची खात्री नसताना बाई प्रार्थनेला बसत, हे खरं; पण त्यांनी विहिरीही खणल्या, शेती केली, छापखाना घातला. पाखरांनासुद्धा दाणा चोचीत आणून कुणी घालत नाही, पहाटेच निघावं लागतं.

तरीही माझी एक हरकत उरलीच. बिनकाळजी माणूस दिसला की मी आधी त्याच्या घरातली बाई शोधतो. दोन नारायण घ्या. एक आमच्याच मराठवाड्यातला, जांबचा. लहानपणी अंधारात दडून बसला आणि आईने विचारल्यावर विश्वाची चिंता करतोय म्हणाला, अशी कथा आहे. हेच पुढे समर्थ रामदास. दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 साली ख्रिस्ती झाले. यांच्या हाती आलेला पैसा टिकत नसे, कुणी गरजू भेटला की संपला. एकाने विश्वाची चिंता केली, दुसऱ्याने घरचीही केली नाही, आणि दोन्हीकडे जीव टांगणीला लागला तो बाईचा. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण पोट धरून हसतो, पण देवावर भरवसा टिळकांचा आणि डब्यात पीठ किती उरलंय ते ठाऊक लक्ष्मीबाईंना! लक्ष्मीबाईंनी पुढे काही वर्षांनी बाप्तिस्मा घेतला, तोही नवऱ्यामागे फरफटत नव्हे, स्वतःच्या मनाने ठरवून. 1919 साली टिळक गेल्यावर शाळा न शिकलेल्या या बाईने त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. मला विचाराल तर माझा विश्वास त्यांच्या विश्वासावर अधिक. तो पीठ मोजून झाल्यावरचा आहे.

ही हरकत घेऊन मी सिस्टरांकडे गेलो. त्या मेथी निवडत होत्या. "चार्ज देवाला देता, की दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारता?"

"वॉर्ड आवरून द्यावा लागतो, गुरुजी. पसारा टाकून गेली तर त्याला चार्ज म्हणत नाहीत, पळून जाणं म्हणतात."

मग मी विचारू नये ते विचारलं. त्यांचे यजमान तीन महिने अंथरुणावर होते. "तेव्हाही रोज रात्री चार्ज देत होतात ना? मग?"

मेथीच्या दोन-तीन काड्या निवडून झाल्या.

"गेलेच ते. पहाटे. मी शेजारीच झोपले होते. वॉर्डातही पेशंट जायचे. म्हणून रात्री ड्यूटीवर कुणी नव्हतं, असं मी कधी म्हटलं नाही. आणि झोप मिळायची म्हणून दिवसभर त्यांचं सगळं करू शकले. नाहीतर दोन पेशंट झाले असते."

मी ख्रिस्ती नाही. हे उत्तर मला पुरतं पटलं असंही नाही. पण त्यावर मार्क द्यायला हात उचलला नाही.

त्या रात्री मीही माहूरच्या रेणुकेला चार्ज देऊन पाहिला. पुतण्या, त्याचं फिजिक्स, वहिनींचे गुडघे, खोलीचं भाडं, घरमालकाचा स्वभाव. सगळा तपशील सांगता सांगता सव्वाअकरा झाले. सकाळी सिस्टरांना हे सांगितलं तर त्या हसल्या. "नव्या पोरी पहिल्या दिवशी असाच चार्ज देतात. पेशंटच्या मामेभावाचंसुद्धा सांगतात." मग म्हणाल्या, "शनिवारी मुलगा लातूरला चाललाय. तुमच्या पुतण्याला काय द्यायचं, शेंगदाण्याचे लाडू का डिंकाचे?"

डिंकाचे, म्हणालो. त्याला शेंगदाण्याचे आवडतात. पण डिंकाचे असले की चार आमच्याकडेही येतात.