पाझराची वही

मातीच्या धरणातून पाणी झिरपतंच. पाटबंधारे खात्यातल्या नव्या पोरांना नानांनी हे तीस वर्षं सांगितलं. पायथ्याच्या चरीत व्ही-नॉच बसवलेलं असतं. त्यावरून किती पाणी जातं ते बघायचं आणि वहीत लिहायचं. पाझर स्वच्छ असला तर निवांत चहा प्यायचा. एकदम वाढला किंवा गढूळ झाला, तर चहा तसाच टाकून साहेबांकडे पळायचं, कारण मग आतली माती वाहू लागलेली असते.

बासष्टाव्या वर्षी दाढी करताना नानांच्या हाताला मानेतली गाठ लागली. दुखत नव्हती. आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की आधी क्षयच आठवतो, तसा तो आठवलाही. सुईच्या तपासणीत नीट उलगडा होईना, तेव्हा अख्खी गाठ काढून पाठवली. निघाला फॉलिक्युलर लिम्फोमा. काखेत आणि पोटात गाठी होत्या, अस्थिमज्जेतही पेशी सापडल्या.

"काका, या पेशी मरायचं विसरल्यात, म्हणून साठत जातात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजार सहसा मुळासकट जात नाही, पण चालतो सावकाश. पुष्कळ लोक पंधरा-वीस वर्षं काढतात. तुम्हाला त्रास काही नाही, आणि अशांना आधीच औषध दिल्यानं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. दर तीन महिन्यांनी येत जा."

"कॅन्सर म्हणता आणि रिकाम्या हातानं घरी पाठवता?" काकू उसळल्या. त्यांचं फार चुकलं असं मला वाटत नाही. चौथी स्टेज हा शब्द ऐकून यायचं आणि संध्याकाळी मेथी निवडायला बसायचं, हे सोपं नसतं.

नानांनी मात्र वही आखली. काकूंच्या शिलाईच्या टेपनं गाठ मोजायची, रविवारी वजन घ्यायचं. दोन वर्षं हे चाललं. मग काखेतली गाठ आपोआप लहान झाली. या आजारात तसं होतं कधीकधी. नानांनी त्याचं श्रेय मेव्हण्यांच्या काढ्याला दिलं. पुढची तपासणी चुकली, त्याच्या पुढचीही. ज्या माणसानं धरणावर भर पावसात एक नोंद चुकवली नाही, त्याची वही माळ्यावर गेली.

सात-आठ महिन्यांनी एका रात्री काकूंनी ताटाशेजारी दुधाच्या हिशेबाची वही ठेवली. मागच्या पानावर लिहिलं होतं : 'अभ्रा ओला. लागोपाठ तीन रात्री.' त्याखाली, 'लेंग्याची नाडी चार बोटं आत.' मग, 'मानेची गाठ लिंबाएवढी. पंधरवड्यापूर्वी सुपारी होती.'

नाना बराच वेळ पानाकडे बघत राहिले. "गढूळ आलंय," एवढंच म्हणाले.

पेट स्कॅनमध्ये जी गाठ सर्वांत झगझगीत दिसली, तिचाच तुकडा काढला. संथ आजारानं वेगवान रूप घेतलं होतं. वर्षाला शंभरातल्या दोघा-तिघांच्या बाबतीत असं घडतं. द्यायच्या औषधांतल्या रिटुक्सिमॅबनं जुनी झोपलेली कावीळ उठू शकते, म्हणून आधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली. मग एकवीस दिवसांच्या अंतरानं केमोथेरपीचे सहा डोस. चौथ्यानंतर न्यूमोनियानं दहा दिवस दवाखान्यात काढावे लागले. केस गेले, चव गेली, मेव्हण्यांचं येणंही जरा कमी झालं.

शेवटचं स्कॅन स्वच्छ आलं.

"जोराचा आजार सध्या दिसत नाही," बाई म्हणाल्या. "तो उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून तेवढे दिवस डोळ्यांत तेल घाला. मूळचा संथवाला पुढेमागे परत येईल कदाचित. तेव्हाही औषधं आहेत."

घरी आल्यावर नानांनी नवी वही काढली, रकाने आखले, तारीख घातली आणि टेप घेऊन आरशासमोर उभे राहिले. काकूंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"मान वर करा."

नानांनी मान वर केली.