श्रवण, हृदय आणि एक अदृश्य द्वार



सूरह बनी इसराईलमध्ये माणसाला बजावण्यात आले आहे की श्रवण, दृष्टी आणि अंतःकरण या तिन्हींबद्दल त्याला जाब द्यावा लागेल. हा उपदेश ऐकताना चहाडी ऐकणे, नजर भरकटणे, मनात द्वेष बाळगणे ही पापे डोळ्यांसमोर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या ठेवीचा हिशेब द्यायचा, ती ठेव ओळखून घेणे हेसुद्धा आपले कर्तव्य ठरते. आयतीतील ‘फुआद’ म्हणजे जाणणारे, विचार करणारे अंतःकरण होय. छातीतील मांसल हृदयाशी त्याची गल्लत करू नये. विज्ञानाचा प्रत्येक नवा शोध आयतींत शोधत बसण्याचा जो छंद अलीकडे बळावला आहे, तोही मला रुचत नाही. शोध उद्या बदलतील, अल्लाहची वाणी बदलणार नाही. आजचा हेतू एवढाच की कान आणि हृदय अल्लाहने कोणत्या नाजूक धाग्याने एकत्र बांधले आहेत, ते पाहावे.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतके पातळ, स्निग्ध आवरण असते. पेशीच्या आत पोटॅशियमचे विद्युतभारित कण म्हणजे आयन बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट असतात. स्निग्ध आवरणातून ते आपोआप पार होऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनांची द्वारे आहेत: चार सारखे भाग वर्तुळाकार उभे आणि मधून अरुंद वाट. १९९८ साली अमेरिकेतील रॉडरिक मॅकिनन यांनी मातीतील एका जिवाणूच्या अशा द्वाराची रचना अणूअणूनिशी उलगडून दाखवली. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

कोडे असे होते की सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असतो, तरीही या वाटेने मोठा जातो आणि लहान अडतो. हे कसे? पाण्यात प्रत्येक आयन पाण्याच्या कणांचे वस्त्र पांघरून असतो. अरुंद वाटेत शिरताना ते उतरवावे लागते. त्या वाटेच्या भिंतींवर ऑक्सिजनचे अणू नेमक्या अशा अंतरावर बसवलेले आहेत की पोटॅशियमला पाण्याची उणीव भासत नाही. लहानखुऱ्या सोडियमला चोहोबाजूंच्या अणूंचा आधार एकाच वेळी मिळत नाही. वस्त्र उतरवणे त्याला परवडत नाही आणि तो मागे राहतो. अशा एका द्वारातून सेकंदाला दहा कोटींपर्यंत पोटॅशियम आयन जाऊ शकतात, आणि हजारोंमागे एखादाच सोडियम निसटतो. अल्लाहने प्रत्येक वस्तू मापाने घडवली, हे आपण सूरह कमरमध्ये वाचतो. ते वाचताना हे माप आठवावे.

आता द्वार उघडते कसे? द्वाराच्या चारही अंगांना धन विद्युतभार असलेले भाग असतात. पेशी विश्रांतीत असताना तिची आतली बाजू ऋणभारित असते. ती या भागांना आत ओढून धरते आणि द्वार मिटलेले राहते. पेशी उद्दीपित झाली की आतली बाजू धनभारित होते, ते भाग बाहेरच्या दिशेने ढकलले जातात आणि त्यांच्या ओढीने द्वार उघडते. पोटॅशियम बाहेर पडतो, आत पुन्हा ऋणभार येतो आणि द्वार मिटते. उघडण्यातच मिटण्याची व्यवस्था आहे. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हृदय आकुंचन पावते आणि प्रत्येक वेळी अशाच द्वारांमुळे ते पुन्हा विसावते.

त्यांपैकी एक द्वार केसीएनक्यू-१ या नावाने ओळखले जाते. धावताना, घाबरताना हृदय वेगाने चालू लागले की त्याची गरज विशेष भासते. हेच द्वार कानाच्या आतल्या भागातही आहे! तेथील द्रवात ते पोटॅशियम भरत राहते. ध्वनीने सूक्ष्म केसांसारखे तंतू हलले की तो पोटॅशियम श्रवणपेशीत शिरतो आणि अजानचा स्वर मेंदूकडे निघतो.

१९५७ मध्ये नॉर्वेतील येर्वेल आणि लांगे-निल्सन या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी होती आणि त्यांना मूर्च्छा येत असे. त्यांतील तिघे चार, पाच व नऊ वर्षांच्या वयात अचानक दगावले. हृदयाच्या आलेखात विसाव्याचा काळ लांबलेला दिसला. पुढे चाळीस वर्षांनी कारण हाती आले: याच द्वाराचे बिघडलेले जनुक अशा मुलांना आईकडून आणि वडिलांकडूनही मिळालेले असते.

हा आजार दुर्मीळ आहे. बहुसंख्य कर्णबधिर मुलांना तो नसतो. तरी आपल्या घरांत त्याची चर्चा व्हायला हवी, कारण चुलत, मामे, आते भावंडांच्या लग्नात एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. आईवडील बहुधा ठणठणीत असतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा धोका चारात एक एवढा असतो. असे विवाह शरीअतने वैध ठरवले आहेत. हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) या प्रेषितांच्या (स.) आत्याच्या कन्या होत्या. त्यांना पाप म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु परवानगी म्हणजे आज्ञा नव्हे. घरात असे मूल जन्मलेले असताना पुन्हा त्याच घरात सोयरीक जुळवायची आणि परिणामाला नशीब म्हणायचे, याला तवक्कुल कसे म्हणावे? प्रेषितांनी (स.) उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास सांगितले, आणि औषधोपचार करावा का असे विचारणाऱ्यांना करा म्हणून सांगितले. आणखी एक गोष्ट. अशा वेळी सुनेला दोष दिला जातो. या आजारात दोष दोन्हीकडून सारखाच येतो. तिच्या एकटीच्या माथी तो मारणे हा उघड जुलूम आहे.

बहिरे मूल धावताना, पोहताना किंवा दचकून कोसळले तर त्याला मिरगी समजून वर्षानुवर्षे तीच औषधे दिली जातात, अथवा ताईत बांधला जातो. दुआ अवश्य करावी, पण ईसीजीही काढावा. निदान झाल्यास हृदयाची घाई आवरणारी बीटा-ब्लॉकर गोळी डॉक्टर रोज देतात, काही औषधे वर्ज्य करतात, आवश्यक वाटल्यास छातीत यंत्र बसवतात. भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. ईसीजीसाठी सुई टोचावी लागत नाही. मूल शांत पडून राहिले की काही मिनिटांत कागदाची पट्टी हातात येते. ती दाखवताना मूल जन्मापासून बहिरे आहे आणि ते धावताना पडले होते, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगाव्यात.