घरी न आलेले पीक

आंबेगाव तालुक्यातील पारगावास आमचे थोडे वडिलोपार्जित रान आहे. घोड नदी जवळ, डिंभे धरणाचे पाणी हाताशी, आणि भीमाशंकर सहकारी साखर कारखाना गावच्या शिवारातच. तेव्हा तेथे उसावाचून दुसरे काही फारसे कुणाला सुचत नाही. यंदा मात्र खोडवा मोडल्यावर धाकट्या भावाने पावसाळ्याच्या तोंडी ताग पेरला. पन्नासेक दिवसांत तो छातीला लागला, पिवळ्या फुलांनी डवरला. आणि नेमका त्याच वेळी भावाने तो कापून जागच्या जागी अंथरून टाकला. वर नांगरही घातला नाही.

थोरल्या चुलतीला हे साहवेना. ती म्हणाली, "अरं, फुलावर आलेलं पीक मातीत घालतोस, आन् नांगुरबी धरीत न्हाईस. एक पाप, दुसरा आळस!"

मी हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. नांगरट म्हणजे कष्ट आणि कष्ट म्हणजे पुण्य, हे आपल्या हाडीमाशी खिळले आहे. परंतु नांगराने जमीन उलथली की आत हवा शिरते, सूक्ष्म जीव तिच्यातला कुजका अंश भराभर संपवतात. उघड्या मातीवर पावसाचे थेंब आपटून खपली धरते. मग पाणी मुरण्याऐवजी वाहते आणि मातीही नेते. ताग तिला सावली देतो. त्याच्या मुळांच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र धरतात. आच्छादनाखाली गांडुळे वावरतात. नांगराच्या कितीतरी आधीपासून तीच जमीन नांगरीत आली आहेत, हे डार्विनने १८८१ च्या ग्रंथात सांगितले. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर तर नांगरणीशिवाय शेती करीत आणि सांगत आले.

मग पाप कुठले? पण सोयाबीनचे एक पीक बुडाले, हे खरे. आणि मुलीच्या फीसाठी भावाने उसने आणले, हेही खरे. चुलतीच्या रागाचे मूळ तेथे होते. ज्याला उसनेही मिळत नाही, त्याने जमिनीला विसावा कसा द्यावा? शहरात पगारावर जगणाऱ्या मला त्याला उपदेश करण्याचा अधिकार नाही.

लक्ष्मीपूजनाला आपण वह्या पुजतो. जमिनीच्या खात्यावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नुसती उचल मांडली. यंदा प्रथमच परतफेडीची ओळ पडली, तीही भावाच्या हातची. म्हणून त्याच्या उसन्याचा निम्मा भार मी घेतला आहे. रान दोघांचे, मग तिचे ऋण एकट्याने का फेडावे?