उशाशी कोण असावे?

अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे एक शहर आहे. तेथल्या एका इस्पितळात, नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात, २०१२ च्या ऑक्टोबरात एक बाप आपल्या बाळाला पाहायला आला. बाळाजवळ असलेल्या परिचारिकेने रीतीप्रमाणे आपली ओळख सांगितली आणि त्याच्या मनगटावरची ओळखपट्टी पाहायला मागितली. बापाने तिला उत्तर दिले नाही. तुझ्या वरिष्ठांना बोलाव, म्हणाला. वरिष्ठ आल्यावर त्याने अस्तनी वर केली, हातावर गोंदलेले नाझी चिन्हासारखे काहीतरी दाखविले आणि सांगितले, की माझ्या बाळाला काळ्या परिचारिकेने हात लावता कामा नये. ही परिचारिका तेथे १९८८ पासून नोकरीत होती. तिच्याकडून बाळ काढून घेण्यात आले आणि त्या अर्थाची एक चिठ्ठीही लागली. २०१३ साली तिने न्यायालयात दाद मागितली. इस्पितळाने तडजोड केली, भरपाई दिली, आणि प्रकरण मिटले.

कायद्याच्या दृष्टीने ते मिटले असेल. पण त्या बापाला दुष्ट ठरवून आपण मोकळे झालो, तर विचार करण्याचे कष्ट वाचविले एवढेच होईल. म्हणून आधी त्याच्या बाजूने जेवढे बोलता येईल तेवढे बोलून पाहू. आजाऱ्याच्या इच्छेला मान द्यावा, हे आपण सगळेच मानतो. एखाद्या बाईने अंघोळ घालायला बाईच हवी म्हटले, तर तिला कोणी नावे ठेवीत नाही. कोणी आपल्या भाषेत बोलणारे माणूस मागितले, तर जमेल तसे देतो. मग एकाची आवड पुरवायची आणि दुसऱ्याची झिडकारायची, हा न्याय कोणता?

मला वाटते, फरक मागणीच्या मुळाशी आहे. बाईला बाई हवी असते ती स्वतःच्या लाजेपोटी. परक्या भाषेची भीती वाटते ती आपले दुखणे समजेल की नाही या धास्तीपोटी. दोन्हींत माणूस स्वतःविषयी काही सांगत असतो. फ्लिंटच्या बापाने स्वतःविषयी काही सांगितले नाही. समोरच्या बाईविषयी निवाडा दिला. आणि इस्पितळाने तो निवाडा आपल्या कागदावर उतरवून घेतला. तापाच्या भरात आजाऱ्याने शिव्या दिल्या, तर परिचारिका त्या गिळते. अशा शिव्या तिला नव्या नसतात. पण ही क्षमा तिची स्वतःची आहे. तिच्या वतीने ती देऊन टाकण्याचा अधिकार इस्पितळाला कोणी दिला? इंडियाना राज्यातल्या एका शुश्रूषागृहाच्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१० सालीच सांगितले होते, की रहिवाशांना गोरीच माणसे हवी आहेत, ही सबब सांगून काळ्या सेविकांना कामाबाहेर ठेवता येणार नाही.

हे वाचून आपण ‘काय ही अमेरिका!’ म्हणून सुस्कारा टाकावा, असे मात्र नाही. परक्याच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्रपाळी करणे, ही कामे घरंदाज बाईची नव्हेत, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ठरलेले होते. कोणाचा हात चालतो आणि कोणाचा बाटवतो, याची यादी आपल्याला कोणी नाझीने शिकविली नव्हती. पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी हिंदू स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा विधवेने नर्स व्हावे म्हणजे काय, असे म्हणणारी माणसे पेठापेठांत होती. जे काम आपण हलके ठरविले ते पुष्कळ काळ ख्रिस्ती स्त्रियांनी उचलले, आणि पुढे मुंबईच्या इस्पितळांत केरळच्या मुली आल्या. आज मुंबईत मराठी माणूस शुद्धीवर येतो तो पुष्कळदा मल्याळी वळणाचे मराठी ऐकत. माझ्या नात्यातल्या एका वृद्ध बाई, आयुष्यभर कडक सोवळ्यातल्या, अतिदक्षता विभागात अकरा दिवस होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी एकच चौकशी केली : ‘ती “आजी, स्वास घ्या” म्हणणारी पोर कुठं गेली?’ तिची जात त्यांनी विचारली नाही. घरी गेल्यावर स्वयंपाकघराचे नियम पहिल्यासारखेच चालू झाले, हेही सांगितले पाहिजे. खाटेवर आलेले शहाणपण उंबऱ्याच्या आत यायला वेळ लागतो.

येथे एक गोड वाक्य तयार असते : सेवेला रंग नसतो. ऐकायला बरे वाटते, सभेत टाळ्याही मिळतात. पण अतिदक्षता विभागातले काम पाहिले, की ते अपुरे वाटू लागते.

हा विभाग जन्माला आला तोच मुळी अखंड लक्ष ठेवण्याच्या गरजेतून. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वास बंद पडू लागलेल्या रुग्णांना पुरेशी यंत्रे नव्हती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळी बसविण्याची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा भरण्याची युक्ती काढली. वैद्यकीचे शेकडो विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून दिवसरात्र ती पिशवी दाबीत राहिले. पुढे पिशवीची जागा यंत्राने घेतली, पण उशाशी माणूस हवेच, हे तत्त्व कायम राहिले. इंग्लंडात आजही श्वसनयंत्रावरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी असा दंडक मानतात. यंत्र आकडे दाखविते. रुग्णाचा चेहरा परिचारिका पाहते.

आता तिने पाहायचे काय? ओठ निळसर झाले का, पाठीवर लाली आली का, नखे फिकी पडली का. ही लक्षणे पाठ्यपुस्तकांत पुष्कळदा गोऱ्या कातडीवर दाखविलेली असतात. काळ्या कातडीवर अंगव्रणाची पहिली लाली दिसतच नाही. तेथे हात लावून ऊब आणि ताठरपणा पाहावा लागतो. निळेपणा ओठांऐवजी हिरड्यांवर आणि पापणीच्या आत शोधावा लागतो. यंत्रेही निर्दोष नाहीत. बोटाला चिमट्यासारखे लावायचे ते ऑक्सिमीटर करोनाच्या काळात आपल्या घराघरांत शिरले. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केले, की या यंत्राने प्राणवायू ठीक दाखविला असताना रक्तात तो प्रत्यक्षात धोक्याइतका कमी असण्याचे प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. रंग पाहायचाच नाही असे व्रत घेतलेली परिचारिका अशा वेळी भली असेल, पण रुग्ण तिच्या डोळ्यांदेखत गुदमरेल.

म्हणजे काळ्याला काळी, गोऱ्याला गोरी आणि सावळ्याला सावळी परिचारिका नेमावी काय? मुळीच नाही. तसे केले तर फ्लिंटची चिठ्ठी आपण उलट्या बाजूने लिहून पुन्हा चिकटविली असे होईल. कातडी घेऊन जन्माला आल्याने कातडीचे ज्ञान येत नाही. ते लक्ष देऊन शिकावे लागते. पण कोणाबरोबर काम करतो यावर माणसाला काय शिकावेसे वाटते हे थोडेफार अवलंबून असते. चहाच्या वेळी शेजारी बसणारी मैत्रीण जमैकाची असेल, तर तिच्या आईच्या पायाची सूज कशी कोणाच्या ध्यानात आली नाही, ही गोष्ट कानावर पडते, आणि पुढच्या पाळीत हात आपोआप तेथे जातो. मिश्र वर्गात पोरे एकमेकांची पाटी बघून शिकतात, तसाच हा प्रकार आहे. याला मी उपयोग म्हणेन. तत्त्व म्हणणार नाही. कारण काळी परिचारिका आमच्या उपयोगाची आहे म्हणून तिला ठेवा, हे म्हणणेही तिला पूर्ण माणूस मानण्याच्या अलीकडेच थांबते.

आणि खरे सांगायचे तर ही विविधता तत्त्वाने आलेलीच नाही, गरजेने आली. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. त्याच्या तेराच दिवस आधी ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांतल्या माणसांना घेऊन टिलबरीच्या बंदराला लागले होते. पुढच्या वर्षांत बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद येथून मुली बोलावून घेतल्या गेल्या. नोंदणीकृत परिचारिकेचे शिक्षण तीन वर्षांचे आणि वर चढण्याच्या वाटा असलेले होते. दुसरे दोन वर्षांचे, दुय्यम. कित्येक मुलींना काही न सांगता दुसऱ्यात ढकलले गेले, आणि मायदेशी परतायचे म्हटले तर त्या पदवीला तेथे किंमत नव्हती. बोलावणे पाठविणाऱ्याने पानही मांडावे, पण पंगत वेगळी ठेवावी, ही कला इंग्रजांनाही चांगली अवगत होती.

२०२० च्या एप्रिलमध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन करोनाने अतिदक्षता विभागात पोहोचले. बरे झाल्यावर त्यांनी ज्या दोन परिचारकांचे नाव घेऊन आभार मानले, त्यांतली एक न्यूझीलंडची आणि दुसरा पोर्तुगालचा होता. त्याच वर्षी ८ डिसेंबरला कव्हेंट्रीत लसीकरणाच्या मोहिमेतली पहिली लस टोचली, ती फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या परिचारिकेने. त्या वसंतात गुरुवारी संध्याकाळी लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवीत. आपणही थाळ्या वाजविल्या होत्या. टाळी खोटी होती असे मी म्हणत नाही. भीतीतून सुटलेल्या माणसाची कृतज्ञता खरीच असते. पण अमेरिकेतल्या परिचारिकांच्या संघटनेने त्याच सप्टेंबरात एक हिशेब मांडला : देशातल्या परिचारिकांत फिलिपिनो सुमारे ४ टक्के, आणि करोनाने मेलेल्या परिचारिकांत जवळजवळ एक तृतीयांश. त्यांच्यापैकी पुष्कळजणी कचेरीत टेबलामागे नसून खाटेला लागून, श्वसनयंत्राच्या बाजूला उभ्या होत्या. पाळ्या कोण लावते, मुखवटे कोणाला आधी मिळतात, आणि ‘मला आज नको’ म्हणण्याची हिंमत कोणाला असते, हे त्या हिशेबात लिहिलेले नव्हते. पण वाचता येत होते.

या मुलींच्या मागे राहिलेल्या गावांचाही हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली ५५ देशांची यादी केली, जेथे आरोग्यसेवकच इतके कमी आहेत, की बाहेरच्यांनी तेथून माणसे ओढून नेऊ नयेत. लंडनच्या एखाद्या विभागात रात्री अकराला दिवे मंद करून आफ्रिकेतली एक परिचारिका परक्या म्हाताऱ्याची कूस बदलीत असते. तिची स्वतःची आई गावच्या दवाखान्यात असेल, तर तेथे रात्रपाळीला कोण असते, हे ती फोनवर विचारते. आणि पलीकडून भाऊ सांगतो, की मीच बसलो आहे.