मुक्या जिवाचा साक्षीदार

ज्याला बोलता येत नाही त्याच्या सुखदुःखाविषयी आपण जे ठामपणे बोलतो, त्याला पुरावा काय? गाय हंबरते, कुत्रे कण्हते. सर्प मात्र या बाबतीत सर्वस्वी मुका आहे. त्याच्या पेटीतील हवा कोरडी पडली तरी तो तक्रार करीत नाही. तक्रार दिसते ती उशिरा: कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी निघू लागते आणि डोळ्यांवरील पारदर्शक खवल्यांची जुनी कात तेथेच चिकटून राहते. उलटपक्षी हवा कोंदट व अतिदमट झाली, तर त्वचेवर फोड येतात व श्वसनाचे विकार जडतात. अशा प्राण्याच्या पेटीसाठी आर्द्रतामापक कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातील खरेदीचा दिसतो. परंतु तो वस्तुतः साक्षीदार निवडण्याचा प्रश्न आहे.

या संबंधात सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा होईपर्यंत हे गाव सातारा जिल्ह्यात मोडत असे. नागपंचमीकरिता जिवंत नाग पकडावयाचे, सणापर्यंत मडक्यात ठेवावयाचे आणि पूजा व मिरवणूक आटोपल्यावर पुन्हा रानात सोडावयाचे, ही तेथील जुनी चाल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व न्यायालयाचे आदेश यांमुळे ती थांबली. २०२५ साली केंद्र शासनाने शिक्षणाच्या हेतूने २१ नागांपुरती व मोजक्या दिवसांपुरती परवानगी दिली. शिराळकरांची नागावरील श्रद्धा खोटी होती, असे म्हणण्याचे धाष्टर्य कोणी करू नये. तथापि श्रद्धा कितीही उत्कट असली, तरी मडक्यातील हवा नागाला मानवते की नाही, हे ती सांगू शकत नाही. प्रेम आणि ज्ञान या दोन निरनिराळ्या वस्तू होत. एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही.

मोकळ्या रानात हा प्रश्नच उद्भवत नाही. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुका अवर्षणासाठी प्रसिद्ध आहे. पण उन्हाने तापलेल्या माळावरचा नागही वारुळात किंवा उंदराच्या बिळात शिरून आपल्यापुरती ओल शोधतो. पेटीत घालून आपण त्याची ही निवड हिरावून घेतो. ज्याची निवड आपण घेतली, त्याच्या वतीने निवडण्याचा भार आपल्यावर येतो. आणि हा भार अंदाजावर वाहता येत नाही. ‘मला हातानेच कळते’ असे म्हणणारे अनुभवी लोक भेटतात. परंतु आपल्या कातडीला जे जाणवते त्यात उष्णता, वारा व दमटपणा ही तिन्ही एकवटलेली असतात. त्यांतून एक वेगळे काढणे तिला साधत नाही.

म्हणून यंत्र हवे. पण कोणते? सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये वर्णिलेल्या आर्द्रतामापकात माणसाचा केस ओलीने लांबतो व सुकल्यावर आखडतो, या गुणाचा उपयोग केला होता. आजची स्वस्त काट्याची तबकडी बहुधा धातूच्या गुंडाळीवर चालते व पुष्कळ वेळा १० टक्क्यांनीही चुकते. विजेरीवरील अंकदर्शक यंत्र सामान्यतः अधिक बरे; मात्र त्यावर ६१.४ हा आकडा उमटला म्हणजे दशांशापर्यंतचे सत्य हाती आले, असे नव्हे. चांगल्या यंत्रातही दोनतीन टक्क्यांची चूक गृहीत धरावी लागते. नेमके बोलणारा साक्षीदार खरे बोलणाराच असतो, असा नियम नाही.

त्याची उलटतपासणी घरच्या मिठाने होते. वाटीत मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे, आणि ती वाटी व यंत्र हवाबंद डब्यात दिवसभर ठेवावे. नेहमीच्या तापमानात त्या डब्यातील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्राने ६८ दाखविले तर ते सात टक्क्यांनी उणे बोलते, हे ध्यानात ठेवावे. आणि यंत्रे कालांतराने बिघडत असल्यामुळे हीच परीक्षा काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी. शिवाय हवेतील बाष्प तेवढेच राहून ती तापली, तर सापेक्ष आर्द्रता उतरते. यास्तव पेटीच्या उबदार व थंड अशा दोन्ही बाजूंस एकेक यंत्र असावे. ते दिव्याजवळ किंवा पाण्याच्या भांड्यावर नव्हे, तर सर्प जेथे विसावतो तेथे त्याच्या उंचीवर ठेवावे. बॉल पायथन या आफ्रिकी अजगरास साधारणतः ५५ ते ६० टक्के, व कात टाकतेवेळी त्याहून काहीशी अधिक ओल लागते. आपल्याला सोयीच्या जागी ठेवलेले यंत्र आपल्याला सोयीचेच उत्तर देईल.

येथे ‘विश्वासू’ या शब्दाचा खरा अर्थ हाती लागतो. आपल्या म्हणण्यास मान डोलावणारा तो विश्वासू नव्हे. आपले म्हणणे खोटे ठरविण्याची संधी ज्याला आपण दिली व त्या कसोटीस जो उतरला, तो विश्वासू. आणि यंत्र असे पारखून घेतले तरी जबाबदारी त्याच्या गळ्यात टाकता येत नाही. आकडा वाचणारा, तो टिपून ठेवणारा व त्याप्रमाणे वागणारा माणूस नसेल, तर उत्तम यंत्रही भिंतीवरच्या शोभेपलीकडे जात नाही.

तरीसुद्धा एक प्रश्न कोणत्याही मापकाच्या कक्षेबाहेर राहतो: या जिवाला कोंडावेच का? नाग, धामण यांसारखे देशी सर्प घरी पाळण्यास कायद्याची मनाई आहे, आणि आंतरराष्ट्रीय करारान्वये संरक्षित अशा विदेशी सर्पांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. कायदा येथवर येऊन थांबतो. विवेकाला पुढे जावे लागते. जखमी सर्पाला बरे होईपर्यंत सांभाळणे निराळे आणि दिवाणखान्याच्या शोभेसाठी त्याला आणणे निराळे. पहिल्या प्रसंगी आर्द्रतामापक हे सेवेचे साधन होते. दुसऱ्या प्रसंगी तोच मापक, कितीही अचूक असला तरी, कैद्याच्या कोठडीतील हवा चांगली आहे एवढेच सांगतो. कैद न्याय्य आहे, असे तो कधीही सांगत नाही.