सन्मान कोण देतो, माफी कोण देतो?

एस्टोनियातील तार्तू या विद्यापीठाच्या शहरात एका हॉटेलच्या भिंतीवर १९९७ साली एक फलक बसवण्यात आला. चेचन्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष जनरल जोखर दुदायेव यांनी या इमारतीत काम केले होते, असे तो फलक सांगतो. हॉटेल होण्यापूर्वी तिथे सोव्हिएत लष्कराचे कार्यालय होते आणि दुदायेव हे सोव्हिएत वायुदलाच्या लांब पल्ल्याच्या बॉम्बर डिव्हिजनचे प्रमुख होते. लाटवियाच्या राजधानीत, रिगा इथे, १९९६ साली एका रस्त्याला त्यांचे नाव दिले गेले. पोलंडमध्ये वॉर्सातल्या एका चौकाला २००५ साली तेच नाव मिळाले.

हे सगळे देश सोव्हिएत सत्तेने पोळलेले. ज्या लष्कराला हे लोक परके आणि जुलमी मानत होते, त्याच लष्कराच्या सेनापतीची आठवण त्यांनी भिंतीवर आणि रस्त्यावर का जपावी? हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस छळतो आहे. त्याचे उत्तर शोधताना दुसराच एक प्रश्न समोर आला, आणि तो तार्तूचा किंवा रिगाचा नाही. तो आपला, तुमचा-आमचा आहे.

आधी माणूस समजून घेऊ. दुदायेव यांचा जन्म फेब्रुवारी १९४४ मधला. ते काही दिवसांचे असतानाच, २३ फेब्रुवारीला, स्तालिनच्या हुकुमावरून चेचन आणि इंगुश या दोन जमातींची अख्खी वस्ती मालगाड्यांत कोंबून कझाकस्तान आणि किर्गिझस्तानकडे नेण्यात आली. सुमारे पाच लाख माणसे. वाटेत आणि पहिल्या काही वर्षांत भूक, थंडी आणि आजाराने किती दगावली याचा हिशेब आजही एकमताने लागत नाही. दुदायेव कुटुंबाला मायभूमीत परतता आले ते १९५७ साली. म्हणजे या मुलाचे सगळे बालपण हद्दपारीत गेले.

हाच मुलगा पुढे तांबोवच्या वायुदल शाळेत शिकला, १९६६ साली अधिकारी झाला, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला, गागारिन अकादमीत शिकला. ज्या राज्याने जन्मतःच त्याला गुन्हेगार ठरवले, त्याच राज्याच्या विमानांत बसून तो पायरी पायरीने वर चढला. सोव्हिएत वायुदलातला तो पहिला चेचन जनरल. १९८७ ते १९९० या काळात तार्तूच्या राडी विमानतळावरची, अण्वस्त्रे वाहून नेणारी विमाने त्यांच्या हुकुमाखाली होती. 'ऑर्डर ऑफ द रेड स्टार' आणि 'ऑर्डर ऑफ द रेड बॅनर' ही सोव्हिएत सन्मानचिन्हे त्यांच्या छातीवर होती.

एस्टोनियात त्या वर्षांत स्वातंत्र्याची चळवळ उभी राहिली होती. लोक चौकात जमून बंदी घातलेली गाणी गात होते. दुदायेव यांनी एस्टोनियन भाषा शिकून घेतली होती आणि त्या लोकांच्या भावनेबद्दल त्यांना आपुलकी होती. एस्टोनियाची संसद आणि दूरदर्शन केंद्र बंद पाडण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही, असे तिथे सांगितले जाते. ही आपुलकी कुठून आली हे समजणे अवघड नाही. १९४९ च्या मार्चमध्ये एस्टोनियातूनही सुमारे वीस हजार माणसांना, त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे होते, मालगाड्यांनी सैबेरियाला नेले होते. जनरलने त्या लोकांच्या डोळ्यांत आपल्या आईची कहाणी वाचली असेल.

म्हणजे तार्तूचा फलक एका सेनापतीने जे केले नाही त्याची आठवण आहे. बॉम्बर विमानांच्या प्रमुखाला लोक सहसा त्याने गाठलेल्या निशाण्यांसाठी ओळखतात. इथे हात आवरल्याबद्दल एका लहान राष्ट्राने शुक्रिया अदा केला. हुकूम पाळणे ही ज्या पेशाची पहिली अट, त्या पेशात हुकूम न पाळण्याचे धाडस हा फार मोठा गुण आहे, असे आम्ही मानतो.

इथे थांबलो असतो तर हा लेख एका वीराची गोष्ट झाली असती. पण थांबता येत नाही, कारण मध्ये अफगाणिस्तान आहे.

सोव्हिएत फौजा डिसेंबर १९७९ पासून फेब्रुवारी १९८९ पर्यंत अफगाणिस्तानात होत्या. त्या युद्धात लांब पल्ल्याची बॉम्बर विमानेही वापरली गेली. ती सोव्हिएत हद्दीतून उडत, फार उंचावरून बॉम्ब टाकत आणि परत जात. दुदायेव यांच्या सन्मानचिन्हांचा संबंध त्या युद्धातल्या कामगिरीशी जोडला जातो. पुढे चेचन्यात त्यांच्या विरोधकांनी हाच मुद्दा उचलला. हा माणूस आज इस्लामचे नाव घेतो, पण याने अफगाणिस्तानात मुसलमानांवर बॉम्ब टाकले, असा त्यांचा आरोप होता. दुदायेव यांनी तो नाकारला.

त्या आरोपाचा निवाडा करण्याची आमची लायकी नाही आणि तसा अधिकारही नाही. पण त्या नकाराकडे थोडे थांबून पाहावे असे वाटते. सैनिकाने सैनिकी कामगिरी नाकारावी, याचा अर्थ काय? जी गोष्ट एका सरकारच्या दफ्तरात पराक्रम ठरते, तीच आपल्या माणसांत सांगायला लाज वाटावी अशी असू शकते, एवढे तरी त्यातून कळते. तोच माणूस, तीच वर्षे. बदलते ती विचारणाऱ्याची जागा.

इथे आमच्या मूळ प्रश्नाला तोंड फुटते. सन्मान नेहमी कोण देतो? ज्याला फायदा झाला तो देतो. सोव्हिएत राज्याने बिल्ले दिले, कारण त्या राज्याची सेवा झाली. बाल्टिक देशांनी फलक लावले, रस्त्यांना नावे दिली, कारण आपल्यावर येऊ शकणारे संकट टळले असे त्यांना वाटते, आणि मॉस्कोशी लढणारा तो आपला सोबती असेही वाटते. यात काही गैर नाही. उपकार स्मरणे ही माणुसकीच आहे. पण सन्मानाला आम्ही इन्साफ समजू लागलो की घोटाळा होतो. सन्मान देणाऱ्यांच्या यादीत विमानाखाली राहणाऱ्या माणसाचे नाव कधीच नसते. त्या लांब पल्ल्याच्या विमानांखाली ज्यांची घरे होती त्या अफगाण खेड्यांना, कोणी मत विचारले आहे का?

आपल्या घरांत लहानपणापासून एक गोष्ट शिकवली जाते. अल्लाहचा हक्क आणि बंद्यांचा हक्क हे दोन वेगळे. नमाज-रोजात झालेली चूक तौबा केल्यावर अल्लाह माफ करील. तो रहीम आहे. पण माणसाचे जे नुकसान केले, त्याची माफी त्या माणसाकडेच मागावी लागते. आपल्याकडच्या बायाबापड्या हजला निघताना दारोदार जाऊन 'कहा-सुना माफ करा' म्हणतात, ते याच समजुतीतून. या साध्या रिवाजात न्यायाचा एक मोठा विचार आहे. त्याने कोणत्याही सरकारचा बिल्ला आणि कोणत्याही शहराचा फलक तपासून पाहता येतो. ज्याला इजा झाली, तो काय म्हणतो?

आता आमच्याकडे, म्हणजे आपल्याकडे वळू. ११ डिसेंबर १९९४ रोजी रशियन फौजा चेचन्यात शिरल्या. ग्रोझनी शहरावर तोफा आणि विमाने तुटून पडली. तळघरांत मेलेल्यांत कितीतरी म्हातारे रशियनही होते, कारण गावाकडे आसरा घ्यायला त्यांना नातलग नव्हते. बॉम्ब जात-धर्म विचारत नाही, हे त्या हिवाळ्यात पुन्हा दिसले. आणि २१ एप्रिल १९९६ रोजी गेखी-चू गावाजवळ उपग्रह फोनवर बोलत असताना रशियन विमानांतून सुटलेल्या क्षेपणास्त्राने दुदायेव मारले गेले. ज्या आकाशातून त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे जमिनीकडे पाहिले, त्याच आकाशाने त्यांना शोधून काढले.

त्या दिवसांत आम्ही वर्तमानपत्रांतून या बातम्या वाचत होतो. त्यांचे नाव निघाले की आम्हीही एका शब्दात निकाल देत होतो: शहीद. कौमचा माणूस, कौमसाठी मेला, हिशेब संपला. आज वाटते, तो शब्दही आम्ही बिल्ल्यासारखाच वापरला. तार्तूपासून दूर, काबूलपासून दूर, ग्रोझनीपासून दूर बसून आम्ही तो दिला. अफगाणिस्तानचा प्रश्न आम्हाला त्या वेळी सुचलाही नाही. १९९३ साली त्यांनी आपल्याच देशाची निवडून आलेली संसद बरखास्त केली, हेही आम्ही कधी विचारात घेतले नाही. परक्याच्या जुलमाचा हिशेब आम्ही पै-पैचा मागतो आणि आपला म्हटला की वही मिटून ठेवतो.

याचा अर्थ दुदायेव यांच्या लढ्याला मोल नव्हते असा नाही. एका हद्दपार जमातीचे मूल, ज्याने साम्राज्याची वर्दी घातली, एका टप्प्यावर ती उतरवली आणि त्याची किंमत जिवाने मोजली, त्याच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण आदर आणि हिशेब एकाच मनात राहू शकतात, राहिले पाहिजेत. ज्या माणसाला आपण आपला म्हणतो, त्याच्याबद्दल सर्वांत कठीण प्रश्न आपणच विचारायला हवेत. दुसऱ्याने विचारले तर तो आरोप होतो; आपण विचारले तर ती जमीरची कसोटी होते.

राडीच्या त्या विमानतळाच्या जागी, धावपट्टीला लागूनच, २०१६ साली एस्टोनियाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. जिथून अण्वस्त्रांची विमाने उडत, तिथे आता शेतकऱ्यांची अवजारे, विणलेले हातमोजे आणि जुन्या बोलीभाषा जपल्या जातात. कोणत्याही सेनापतीच्या स्मारकापेक्षा हे दृश्य आम्हाला मोठे वाटते. त्या धावपट्टीवरून उडालेली विमाने ज्यांच्या ज्यांच्या डोक्यावरून गेली असतील, त्यांच्या घरांतही विणलेले हातमोजे असतीलच. ते कोणत्या संग्रहालयात आहेत, हा प्रश्न मात्र आपल्याला विचारत राहावा लागेल.