पालक येत नाहीत, हे मला सांगू नकोस

पालक येत नाहीत म्हणतोस. कधी बोलावलंस त्यांना? मंगळवारी, सकाळी साडेअकराला, ऐन नोव्हेंबरात. मंठा-परतूरच्या पट्ट्यात तेव्हा कापसाची वेचणी चालू असते, हे तुला कुणी शिकवायला हवं का? तू शेतकऱ्याचा मुलगा. त्या दिवसांत साडेअकराला तुझी आई कुठे असायची? ओटीत कापूस भरत पातीत वाकलेली असायची. मग वर्गातल्या लेकरांच्या आयांनी दिवसाची मजुरी बुडवून तुझं भाषण ऐकायला यावं, अशी अपेक्षा तू कोणत्या तोंडाने करतोस? आणि त्या आल्या नाहीत की इतिवृत्तात लिहितोस, 'पालकांमध्ये उदासीनता'.

उदासीन कोण आहे? पाचला शाळा सुटते आणि सव्वापाचला तुझी मोटारसायकल फाट्यावर असते. जालन्याला पोचायची घाई. घरभाड्यासाठी मात्र मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव फाइलला लावलेला आहे. गावातली माणसं घरी येतात सात वाजता. तू त्यांना भेटणार कधी? गाव सगळं बघतं. गाव बोलत नाही, म्हणून त्याला कळत नाही असं समजू नकोस.

तुला हे जमत नसतं तर मी एवढी बोललेच नसते. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात शिरायला लागली आणि पट घसरायची वेळ आली, तेव्हा काय केलंस? आठ दिवसांत उंबरा न उंबरा पालथा घातलास. रात्री नऊला पारावर बसलास. बापांना पटवलंस, आजोबांना पटवलंस, एका घरी तर मामाला फोन लावलास. पट टिकला. तुझी जागा टिकली. मतदार याद्यांच्या कामात कोणत्या घरात कोण राहतं, कोण पुण्याला गेलं, कोणाची सून कधी आली, हे सगळं तुला तोंडपाठ झालं. म्हणजे जीभ आहे, ओळख आहे, वेळही निघतो. फक्त स्वतःची खुर्ची हलली तरच निघतो. मुलीचं लग्न ठरलं की तोच तू म्हणतोस, 'मॅडम, घरगुती मामला आहे.'

आता आकड्याकडे बघ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. वीस ते चोवीस वर्षांच्या ज्या बाया त्यात मोजल्या, त्यांतल्या जालना जिल्ह्यातल्या जवळपास ३५ टक्के बायांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा तू प्रशिक्षणात पडद्यावर पाहिलास आणि वहीत उतरवून घेतलास. तुझ्या सातवीत मुली किती? बारा. कर हिशेब. चार होतात. त्या चार कोणत्या, हे तुला आत्ता, या क्षणी ठाऊक आहे. नाही म्हणून दाखव.

तुझी हीच गोष्ट मला सहन होत नाही. जो अडाणी आहे त्याला सांगता येतं. तुला सगळं माहीत आहे आणि तू गप्प आहेस. मागच्या उन्हाळ्यात नववीतल्या पोरीचं लग्न झालं. तीन वर्षं ती तुझ्या वर्गात होती. तू तिला अपूर्णांक शिकवलेस, आणि त्या मांडवात जेवून आलास. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक नेमलेला असतो, हे तुला माहीत होतं. १०९८ हा बालकांसाठीच्या मदतीचा क्रमांक तुझ्या कार्यालयाच्या भिंतीवर आहे. पण मी म्हणते, फोन करायची वेळ येईपर्यंत थांबलास कशाला? त्या घरात सोयरिकीची बोलणी दिवाळीपासून चालली होती. तू सहा महिन्यांत एकदा तरी त्या ओसरीवर बसलास?

ऊसतोडीचा मुकादम बसतो. तो पावसाळ्यातच अशा घरी जातो, चहा पितो, उचल देतो, कोयता ठरवतो. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे पोराला बायको करून दिली की घरातून एक कोयता वाढतो. पंधरा वर्षांच्या मुलीच्या लग्नामागे पुष्कळदा हा हिशेब असतो. मुलीला मागे ठेवायचं कुणाच्या भरवशावर, हा दुसरा हिशेब. अंबड-घनसावंगीकडच्या कितीतरी घरांत दरवर्षी हे चालतं. हंगामी वसतिगृह असतं, आजी घरी राहू शकते, मुलगी मागे राहून शिकू शकते. हे सगळं बोलायचं श्रावणात, उचल घेण्याआधी. तू दिवाळीच्या सुट्टीनंतर जातोस आणि कुलूप बघून येतोस. मुकादमाला त्या घराची गरज कळते. तुला कळत नाही?

समित्या कमी नाहीत तुझ्याकडे. २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तुझ्या फलकावर आहेत निम्म्या महिला. त्यांतली एक तरी बैठकीत शेवटचं काय बोलली ते सांग. सांगता येणार नाही, कारण रजिस्टर त्यांच्या घरी जातं, सही होते आणि परत येतं. त्यांच्या जागी त्यांचे नवरे येऊन बसतात आणि तू त्यांना खुर्ची देतोस. १० मार्च २०२२च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत सखी सावित्री समिती आली. महिला शिक्षक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, महिला पालक, दोन मुलगे, दोन मुली. मुलींची गळती, बालविवाह, सुरक्षितता, मुलगा-मुलगी भेद हे सगळं तिच्या कामात लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं आणि राज्यभर धावाधाव सुरू झाली, समिती आहे का, फलक आहे का. तुझ्याही शाळेत तेव्हाच फलक रंगला. त्यानंतर ती समिती एकदा तरी पालकांसमोर बसली का?

बापांचं काय? 'माता पालक मेळावा' घेतोस, रांगोळी काढतोस, आयांना सांगतोस की मुलीला शिकवा. अरे, त्यांना माहीत आहे. मुलगी शिकावी असं त्या घरात सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल तर तिच्या आईलाच. पण लग्नाची सुपारी फोडायला आई नसते, बाप असतो, चुलता असतो, आजा असतो. त्यांच्याशी बोलायची तुला भीती वाटते. म्हणून जिच्या हातात निर्णय नाही तिला उपदेश करायचा आणि ज्याच्या हातात आहे त्याच्यापुढे पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या. धोतराला धोतर भिडलं की तुझा विषय बदलतो.

आणि तो मेळावा जानेवारीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून! तीन तारखेला सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालायचा आणि पंधरा दिवसांनी त्याच वर्गात हळदीकुंकू ठेवायचं. तुझ्या गावात नवरा गेलेल्या बाया किती आहेत? कर्जापायी, नापिकीपायी ज्या घरांतली माणसं गेली, त्या घरांतली लेकरं तुझ्याच वर्गात आहेत. त्या आया शाळेच्या दारातून परत जातात. त्यांना कुणी 'येऊ नका' म्हणत नाही. तशी गरजच पडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, शासनाने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एक खेडं ते करू शकतं आणि सरकारी शाळा आपल्याच पालकाला दारात अडवते! यंदा शाळेतलं हळदीकुंकू बंद कर. मेळावा घे, पण त्यात आई म्हणजे आई.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पालकांना समानता सांगण्याआधी स्वतःचा वर्ग बघ. सकाळी झाडू कोण मारतं? मुली. पाहुणे आले की पाण्याचा तांब्या कोण आणतं? मुली. मैदानावर चेंडू कुणाकडे? पोरगा रडला की तू म्हणतोस, 'मुलीसारखा काय रडतोस?' मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आईवडील मिळून भाजी निवडतात असं चित्र छापलं, बाई डॉक्टर दाखवली, पुरुष स्वयंपाकी दाखवला. कुणीतरी विचार करून ते तुझ्या हातात दिलं होतं. तू ते पान उलटलंस. त्या पानावर मुलांना एक प्रश्न देता आला असता: आज घरी विचारून या, भाजी कोण निवडतं? पोरानं तो प्रश्न चुलीपाशी विचारला असता आणि घरात बोलणं सुरू झालं असतं. तुझ्या भाषणाची गरजही पडली नसती.

तो सहावीतला मुलगा, ज्याला सगळे 'बायल्या' म्हणतात. त्याच्या चालण्याची नक्कल होते तेव्हा तू खिडकीबाहेर बघतोस. त्याचा बाप त्याला मारतो, हेही तुला कळलंय. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४मध्ये तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, २०१९मध्ये कायदा झाला. शाळांनी अशा लेकरांशी कसं वागावं याची एनसीईआरटीने २०२१मध्ये पुस्तिका काढली आणि ओरड होताच संकेतस्थळावरून उतरवली. तू म्हणशील, वरूनच माघार घेतली, मी काय करू? पुस्तिका उतरवता येते. ते लेकरू रोज सकाळी तुझ्या वर्गात येऊन बसतं, त्याचं काय करणार आहेस? हा मुलगा पुढे कोण होईल हे तुला ठरवायचं नाही. त्याला मार बसू नये आणि त्याने शाळा सोडू नये, एवढं तुझं काम. त्याच्या बापाला एकट्याला गाठ. नाव, ओळख, काहीही काढू नकोस. पोरगा गणितात हुशार आहे, तो घाबरतो, हे थांबवायला मला तुमची मदत पाहिजे, एवढं बोल. नाही जमत?

तांड्यावरची पहिलीतली पोर घरी गोरमाटी बोलते, म्हणून तिला 'मंद' म्हणू नकोस, एवढंही मला सांगावं लागतं. आणि हजेरीपटावर जिचं नाव आहे पण जी कधी दिसत नाही, ती पायाने अधू असलेली मुलगी? तिच्या भावाला बापाने सायकल घेतली आणि हिला 'शाळेत जाऊन काय करणार' म्हणून घरी ठेवली. दिव्यांग मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेत महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. तिच्या घरी हे माहीत आहे का? तू सांगितलंस का? ती मुलगी आहे म्हणून मागे राहिली की अधू आहे म्हणून? दोन्ही एकदम, आणि म्हणूनच तिच्यासाठी दोनदा जायला हवं. तू एकदाही गेला नाहीस.

'मी वर्गात शिकवतो, पुरे नाही का?' नाही पुरे. हरियाणात सोनीपत, पानिपत, रोहतक, झज्जर या जिल्ह्यांतल्या १५० सरकारी शाळांत सातवीपासून पुढच्या मुलामुलींशी अडीच वर्षं वर्गात याच विषयावर चर्चा झाली. संशोधकांनी नंतर तपासलं. मुलामुलींचे विचार बदलले होते. वागणं मात्र मुलींपेक्षा मुलग्यांचं जास्त बदललं, ते घरकामाला हात लावू लागले. मुलींचं तेवढं का नाही बदललं? कारण घराबाहेर पडायचं की नाही, हे मुलगी ठरवत नाही. ते ठरवणारा तुझ्या वर्गात बसत नाही. तो रात्री सातनंतर ओसरीवर बसतो.

तिथे जा. गेल्यावर 'लिंगभाव समानता' हे शब्द तोंडातून काढू नकोस. बाप आधी काय म्हणेल? 'सर, हायस्कूल पाच किलोमीटरवर. जमाना खराब. पोरीला रस्त्यावर कसं सोडू?' त्याला मागासलेला ठरवून उठू नकोस. त्याची भीती खोटी नाही. गाडी किती वाजता येते, फाट्यावर दिवा आहे का, बरोबर आणखी कोणाच्या मुली आहेत, हे विचार. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, तो फॉर्म खिशात घेऊन जा, तिथेच भरून घे. गाडीची वेळ चुकीची असेल तर आगाराला अर्ज लिही आणि पहिली सही त्या बापाची घे. ज्याने मुलीच्या गाडीसाठी सही केली, तो सोयरिकीला 'थांबा' म्हणायला तयार होतो. पहिल्या भेटीत नाही. चौथ्या-पाचव्या भेटीत होतो. त्याची आई बाजूला बसलेली असेल, तिलाही विचार: आजी, तुमचं लग्न कितव्या वर्षी झालं, पहिलं बाळंतपण कसं झालं? आणि मग गप्प बस. तिला बोलू दे. मुलगा ऐकतो.

कुणी अंगावर येईल, 'गुरुजी, तुमचं काम शिकवायचं' म्हणेल. येऊ दे. पट वाचवताना तुला कोणी काय कमी बोललं होतं? तेव्हा ऐकून घेतलंस ना?

आता श्रावण तोंडावर आहे. चार मुली, एक मुलगा, हजेरीपटावरची ती पोर. सहा घरं. दर आठवड्याला एक रात्र गावात थांब, फाट्याकडे पळू नकोस. महिन्याच्या शेवटी शिक्षण परिषदेला मी येणार आहे. अहवाल आणू नकोस, फोटो दाखवू नकोस. कोणता बाप काय म्हणाला, त्याला तू काय उत्तर दिलंस, आणि पुढच्या वेळी तिथे कधी जाणार आहेस, ते माझ्यासमोर उभं राहून तोंडी सांगायचं.